जुन्या मध्यवस्तीतला रस्ता चालणाऱ्यांना द्यायचा तर: फरशी सगळ्यात शेवटी

जुन्या मध्यवस्तीतला एखादा रस्ता पादचाऱ्यांसाठी राखायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत टेबलावर दगडाचे नमुने येतात. करडा की तांबूस, घोटीव की खडबडीत, दिव्याचे खांब ओतीव लोखंडाचे की साधे, यावर दोन तास सहज जातात. अशा बैठकीत मी असलो तर आधी ते नमुने कपाटात ठेवायला सांगतो. फरशी ही या कामाची शेवटची पायरी. गाड्या कुठून वळवल्या, माल किती वाजता उतरतो, पावसाचं पाणी कुठल्या बाजूला वाहतं, हे आधी जुळावं लागतं. ते न जुळवता नुसती फरशी बसवली तर थोड्याच दिवसांत तिच्यावर गाड्या उभ्या राहतात, आणि मग ती फुटायला लागते.

ज्या क्रमाने हे काम व्हावं असं मला वाटतं, त्याच क्रमाने पुढे लिहितो आहे.

आधी वही घेऊन उभे राहा

एक कामाचा दिवस आणि एक सुटीचा दिवस निवडा. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, दर तासाला दहा मिनिटं, ठरलेल्या जागी उभं राहून मोजणी करा. पायी, सायकल, दुचाकी, मोटार, टेम्पो असे वेगळे रकाने ठेवा. नुसते जाणारे मोजून भागत नाही, थांबलेलेही मोजा. कोण पायरीवर बसलंय, कोण दारात उभं राहून बोलतंय, कोण नुसतं बघत उभं आहे. कोपनहेगनचे वास्तुविशारद यान गेल यांनी १९६०च्या दशकापासून हीच पद्धत वापरली आणि पुढे ती जगभर गेली. रस्ता चांगला झाला की नाही हे थांबलेल्या माणसांच्या आकड्यावरून जास्त कळतं.

त्यांच्याच निरीक्षणातला एक आकडा आखणीला फार उपयोगी पडतो: मोकळ्या रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला साधारण १३ माणसं गेली, तोवर चालणं सुखाचं राहतं. त्यापुढे लोक एकमेकांना चुकवत चालू लागतात. म्हणजे ४ मीटर मोकळी वाट असेल तर मिनिटाला ५२, तासाला तीन हजारांच्या थोडे वर. तुमच्या गर्दीच्या तासाचा आकडा याच्याशी ताडून बघा. रुंदी मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत, दर दहा मीटरला मोजा. जुना रस्ता कधीच एकसारखा रुंद नसतो, आणि त्याची क्षमता सगळ्यात अरुंद जागेवर ठरते.

दुसरी मोजणी गाड्यांच्या नंबरांची. रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं बसवून गाड्यांचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहून घ्या. एका टोकाने आत येऊन तीन-चार मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडलेली गाडी इथे कामाला आलेलीच नव्हती. तोच नंबर दोनदा-तीनदा दिसला तर तो माणूस पार्किंग शोधत घिरट्या घालतोय. या दोन प्रकारच्या गाड्या वेगळ्या काढल्या की खऱ्या गरजेच्या गाड्या किती हे कागदावर दिसतं.

गिऱ्हाईक कशाने येतं, हे दुकानाच्या दारातच विचारा. आधी दुकानदाराला त्याचा अंदाज सांगू द्या, मग गिऱ्हाइकांना विचारा. गाडीने येणाऱ्यांचा आकडा दुकानदार प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात, असं बऱ्याच शहरांत आढळलं आहे. दोष त्यांचा नाही. दारासमोर गाडी लावणारा डोळ्यांसमोर असतो, कोपऱ्यापलीकडून चालत आलेल्याचा प्रवास कुणाला दिसत नाही.

एक रस्ता नको, अख्खी मध्यवस्ती बघा

एकच रस्ता बंद केला तर गाड्या शेजारच्या गल्लीत शिरतात आणि तिथल्या लोकांच्या झोपेचं खोबरं होतं. म्हणून वाहतुकीचा आराखडा पूर्ण मध्यवस्तीचा हवा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने १९७७ साली जी युक्ती केली, ती मला आजही सगळ्यात स्वच्छ वाटते. शहराचा मधला भाग चार भागांत विभागला. गाडी प्रत्येक भागात जाऊ शकते, पण एका भागातून थेट दुसऱ्या भागात जाऊ शकत नाही. तिने बाहेरच्या वळसा रस्त्यावर जायचं आणि तिथून पुन्हा आत यायचं. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला मात्र आरपार वाट मोकळी. दुकानदारांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. बेल्जियममधल्या गेंट शहराने १९९७ मध्ये गाभ्यातला मोठा भाग गाड्यांविना केला आणि २०१७ मध्ये याच विभागणीच्या तत्त्वाने भोवतालच्या भागांतली आरपार वाहतूकही थांबवली.

म्हणून आराखडा काढताना "कुठे बंदी" याआधी "कुठून आरपार जाता येणार नाही" हे ठरवा. थोड्या जागी वाट तोडली तरी मोठा भाग शांत होतो. वळवलेली सगळीच वाहतूक दुसरीकडे जशीच्या तशी उमटत नाही. काही लोक वेळ बदलतात, काही मार्ग बदलतात, काही फेऱ्या मुळातच टळतात. रस्त्यांची क्षमता कमी केलेल्या अनेक ठिकाणांची उदाहरणं ब्रिटिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये एकत्र तपासली, तेव्हा त्यांना हेच दिसलं. पण याचा आधार घेऊन वळसा रस्त्यावर राहणाऱ्यांना गृहीत धरू नका. तिथली मोजणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा. तिथले ओलांडपट्टे आणि सिग्नल याच खर्चात धरा.

स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा शहरात १९९९ साली मिगेल आन्शो फर्नांदेस लोरेस महापौर झाले आणि त्यांनी जुन्या गाभ्यापासून काम सुरू केलं. तिथला विचार साधा होता: गावात ज्याला काम नाही त्या गाडीने गावातून जाऊ नये, आणि रस्त्यावर फुकट जागा शोधत कुणी फिरू नये. गाडी कडेच्या वाहनतळात लावायची आणि पुढे चालायचं. किती मिनिटं चालावं लागेल हे दाखवणारा, मेट्रोच्या नकाशासारखा चालण्याचा नकाशाही त्यांनी काढला. ही कल्पना उचलण्यासारखी आहे. "वाहनतळ लांब आहे" ही तक्रार "सात मिनिटं" असं लिहिलं की निम्मी होते.

उलटी उदाहरणंही समोर ठेवा. अमेरिकेतल्या कॅलामझू शहराने १९५९ साली मुख्य बाजाररस्ता चालणाऱ्यांना दिला. त्या देशातला तो असा पहिलाच रस्ता मानतात. १९९८ मध्ये त्याचा काही भाग गाड्यांसाठी पुन्हा उघडला. अमेरिकेतल्या अशा बऱ्याच रस्त्यांचं हेच झालं, कारण बाजार शहराबाहेरच्या मॉलमध्ये निघून गेला होता आणि रस्त्याच्या आसपास राहणारं फारसं कुणी नव्हतं. गाड्या काढल्याने माणसं आपोआप येत नाहीत. जुन्या मध्यवस्तीचं खरं भांडवल वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं आहेत. त्यांना सांभाळण्याबद्दल पुढे लिहितो.

सकाळी साडेसहाचा रस्ता

या कामात सगळ्यात जास्त वेळ मालवाहतुकीला द्या. सकाळी साडेसहाला त्या रस्त्यावर जाऊन उभे राहा. एक टेम्पो मागे येतोय, क्लीनर हाताने भिंतीपासूनचं अंतर दाखवतोय. औषधांची खोकी एका दारात उतरतात, पुढच्या लॉजमधून चादरींची गाठोडी बाहेर येतात. एक माणूस दोन चाकांच्या ढकलगाडीवर काचेची तावदानं बांधून निघालाय. गाडीचं चाक दगडांमधल्या फटीत बसतं, तो थांबतो, मागे ओढतो, पुन्हा ढकलतो. हे पाहिलं नसेल तर फरशीचा निर्णय घेऊ नका.

प्रत्येक दुकानाची एक ओळ लिहा: माल कोणता, आठवड्यातून किती वेळा, किती वजन, कोणत्या वाहनाने, किती मिनिटं थांबा. यादी पूर्ण झाली की दिसतं की बहुतेकांचं काम सकाळच्या तीन-चार तासांत बसू शकतं. ज्यांचं बसत नाही त्यांच्यासाठी रस्त्याच्या टोकाला माल उतरवण्याची राखीव जागा, आणि तिथून हातगाडी किंवा मालवाहू सायकल. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून लाल किल्ला ते फत्तेपुरी मशिदीच्या पट्ट्यात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी आहे. माल त्या वेळेबाहेर आणावा लागतो. वेळ कोणतीही ठरवा, पण ती एकच असू द्या आणि वर्षभर तीच ठेवा. दिवसागणिक बदलणारं वेळापत्रक कुणी पाळत नाही.

तातडीच्या वाहनांसाठी साधारण ३.५ ते ४ मीटरची सलग वाट लागते. तीत बाक, कुंडी, झाड काही येता कामा नये. नकाशावर वळण तपासलं तरी विश्वास ठेवू नका. अग्निशमन दलाचा खरा बंब मागवा आणि खडूने आखलेल्या वाटेवरून तो चालवून बघा. खाली जागा असते, पण वर दुकानाची छपरं, लोंबत्या तारा, पाट्या आडव्या येतात.

टोकाला अडथळा कसला ठेवायचा? जमिनीतून वर-खाली होणारे यांत्रिक खांब दिसायला छान, पण त्यांच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि बिघाड सुरू होतात. एकदा खाली अडकलेला खांब आठवडाभर तसाच राहिला की बंदी संपलीच. माझा कल नंबर वाचणारा कॅमेरा आणि दंड याकडे असतो, किंवा छोट्या गावात कुलपाचा साधा खांब आणि किल्ली कुणाकडे याची स्पष्ट यादी. पास देताना हात आखडता ठेवा. राहणारा, त्याचा रुग्ण, त्याचं घरसामान, एवढ्यांना द्या. ओळखीवर दिलेला पहिला पास पुढच्या शंभरांना वाट करून देतो.

चालता न येणाऱ्यांचा प्रश्न कुणी तरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथे २००७ पासून गाभा गाड्यांना बंद होत गेला, आणि तिथे छोट्या विजेच्या गाड्या लोकांना फुकट आतबाहेर नेतात. अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी.

बोलणी दारोदार

सभागृहातल्या एका मोठ्या सभेत सगळ्यात मोठा आवाज जिंकतो. त्यापेक्षा दारोदार जा, मालाची यादी करतानाच बोला. दुकानदाराची भीती खरी असते, उधारी आणि भाडं त्याच्या डोक्यावर असतं. काम चालू असताना दुकानाचं दार एक दिवसही बंद राहणार नाही, एवढं लेखी दिलं तरी निम्मा ताण उतरतो.

कोपनहेगनमध्ये १९६२च्या नोव्हेंबरात स्ट्रॉयएट या साधारण १.१ किलोमीटर लांबीच्या बाजाररस्त्यावर गाड्या बंद झाल्या. आपण डेन्मार्कचे लोक, इटलीसारखं रस्त्यावर वावरणं आपल्या हवेत आणि स्वभावात बसणार नाही, असं तेव्हा लोक म्हणत होते. बंदी प्रयोग म्हणून केली होती, १९६४ मध्ये ती कायम झाली. व्हिएन्नात मारिआहिल्फर श्ट्रासे या बाजाररस्त्यावर २०१३ मध्ये प्रयोग सुरू झाला, २०१४ मध्ये तिथल्या रहिवाशांचं मत घेतलं, आणि निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी हो म्हटलं. २०१५ मध्ये रस्ता पूर्ण झाला. एवढा काठावरचा कौल घेऊनही काम नीट होऊ शकतं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबलात तर काम होणारच नाही.

ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९७२ साली वास्तुविशारद असलेल्या महापौरांनी, जैमे लेर्नर यांनी, मुख्य रस्ता एका आठवडाअखेरीत उखडून पादचाऱ्यांना दिला. ही गोष्ट ऐकायला थरारक आहे, पण तिची नक्कल करा असं मी सांगणार नाही. ज्यांच्या दारात हे होणार त्यांना रात्रीतून कळावं, हे मला पटत नाही. वेगाने करायचंच असेल तर तात्पुरतं करा.

सहा महिने कुंड्यांवर काढा

तात्पुरता प्रयोग म्हणजे रंग, कुंड्या, हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि फलक. किमान सहा महिने, आणि त्यात पावसाळा आणि गर्दीचा हंगाम दोन्ही यायला हवेत. फक्त रविवारी बंद ठेवून काही कळत नाही, त्या दिवशी लोक जत्रेला आल्यासारखे येतात. कुंड्या लोक कुठे सरकवतात, खुर्ची कुठल्या सावलीत नेऊन ठेवतात, ते दर आठवड्याला टिपून ठेवा. बाकांचा नकाशा त्यातूनच तयार होतो. पहिली मोजणी केली होती त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा. यात आराखडा चुकला असं दिसलं तर दुरुस्तीचा खर्च फक्त कुंड्या हलवण्याचा.

मग जमिनीखाली

खोदाईआधी हाताने चाचणी खड्डे घ्या. जुन्या रस्त्याखाली काय निघेल सांगता येत नाही: विटांची जुनी गटारं, बुजवलेली विहीर, रस्त्याखाली सरकलेलं तळघर, कधी आधीच्या वस्तीचा पाया. पुरातत्त्वाचा जाणकार पहिल्या बैठकीपासून सोबत हवा. काही सापडल्यावर धावत जाऊन बोलावला की काम महिनोन् महिने अडतं. जलवाहिनी, मैलावाहिनी, वीज, टेलिफोन यांच्या सगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवून, जे काही पुढच्या काही वर्षांत बदलायचं आहे ते आत्ताच बदला. वर रिकामे पाइप टाकून ठेवा, म्हणजे नवी केबल आली तरी चर खणावा लागणार नाही.

जुन्या भिंतींचा पाया बहुधा उथळ असतो. हादरे देणारा रोलर तिथे चालवू नका. काम सुरू होण्याआधी प्रत्येक दर्शनी भिंतीचे फोटो तारखेसह काढा आणि आधीच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवा. भेग वाढली तर काच तडकते आणि लगेच कळतं. "ही भेग तुमच्यामुळे पडली" हा वादही त्यातून सुटतो.

उंबरठा

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं तिच्याकडे येतो. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकावर एक चढून जुना रस्ता वर आलेला असतो. दाराच्या दोन पायऱ्यांपैकी एक गाडली गेलेली, जोत्याचा दगड अर्धा बुजलेला, आणि मोठा पाऊस आला की पाणी थेट घरात. हे सगळे थर काढून रस्ता मूळ पातळीच्या जवळ नेणं, याने वास्तूंना जो मान परत मिळतो तो कुठल्याही दिव्याच्या खांबाने मिळत नाही.

त्यासाठी प्रत्येक उंबरठ्याची पातळी मोजा. अपवाद न करता, बंद दारांचीही. मग उतार जुळवा. फरशीला आडवा उतार साधारण २ टक्के हवा, म्हणजे दर मीटरला २ सेंटिमीटर. ६ मीटर रुंद रस्त्यात पाणी वाहून नेणारी पन्हाळी मधोमध घेतली तर ती भिंतींपेक्षा ६ सेंटिमीटर खाली बसते. पण डाव्या बाजूचे उंबरठे उजव्यांपेक्षा १२ सेंटिमीटर खाली असले तर? तेव्हा मधोमधचा हट्ट सोडा आणि पन्हाळी एका बाजूला सरकवा, किंवा दोन्ही बाजूंना वेगळा उतार द्या. १२ सेंटिमीटरची पायरी चढायला चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ चा उतार करायचा तर जवळजवळ दीड मीटर लांबी लागते. ४ मीटरच्या गल्लीत ती प्रत्येक दारापुढे कुठून आणणार? त्यापेक्षा दारांच्या रांगेजवळ रस्ताच हळूहळू उचलून घ्या. अशी आखणी करायला वेळ लागतो, पण मग पुढे म्हातारी माणसं, बाबागाडी, ढकलगाडी सगळेच न अडखळता आत जातात.

आता ते नमुने कपाटातून काढा

डांबराखाली जुना दगड सापडला तर तो उचलून, नंबर टाकून, पुन्हा वापरा. नवा घ्यायचा तर आजूबाजूच्या भिंतींशी मिळताजुळता घ्या, पण जुना भासवण्यासाठी मुद्दाम झिजवलेला नको. गुळगुळीत पॉलिश पावसात घसरतं, म्हणून छिन्नीने टोचलेला किंवा ज्योतीने खडबडीत केलेला पृष्ठभाग हवा. बंब आणि टेम्पो जाणार तिथे पातळ फरशी टिकत नाही. ८ ते १० सेंटिमीटर जाडीचे, आकाराने लहान दगड आणि खाली भक्कम थर हवा. मोठ्या लाद्या फोटोत छान दिसतात आणि चाकाखाली तडकतात.

गोलसर दगडांची जुनी फरसबंदी असेल तर ती कडेला ठेवा आणि मध्ये दीड-दोन मीटरचा सपाट पट्टा घ्या, सांधे एक सेंटिमीटरपेक्षा रुंद नकोत. काचेची तावदानं नेणाऱ्या त्या माणसासाठी हा पट्टा आहे, आणि चाकाच्या खुर्चीसाठीही.

सगळं एका पातळीत आणलं की अंध माणसाचा एक आधार जातो. पदपथाच्या कडेला काठी लावून तो दिशा धरत असतो. कड काढली तर तिच्या जागी दुसरं काहीतरी सलग हवं: भिंतीलगतची मोकळी ओळ, उठावदार पट्टी, किंवा काठीला कळेल एवढी पन्हाळी. कड ठेवायचीच तर ती ६ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, त्याखाली ती भरवशाने जाणवत नाही. आखणी कायम करण्याआधी अंध व्यक्तींना सोबत घेऊन चाला, आणि त्या जिथे थबकतील तिथे खूण करा.

बाकं, दिवे, टेबलं

दर ५० मीटरच्या आत बसायची जागा हवी, पाठ आणि हात टेकायला आधार असलेली. दिवे शक्यतो भिंतीवर, मालकाच्या लेखी परवानगीने. जमिनीवरचा प्रत्येक खांब चालण्याची वाट खातो. प्रकाश उबदार असावा आणि वर राहणाऱ्यांच्या खिडकीत शिरू नये. झाडं चौकात लावा, अरुंद गल्लीत मुळांना जागाच नसते.

रस्ता मोकळा झाला की हॉटेलांची टेबलं आठवड्याला वीतभर पुढे सरकतात. त्यांची हद्द दगडातच बसवलेल्या पितळी खुणांनी दाखवा, रंगाने नको, रंग पुसला जातो. फेरीवाले तिथे आधीपासून असतील तर त्यांच्या जागा आराखड्यात काढा. त्यांना हुसकावून केलेला रस्ता संध्याकाळी ओस पडतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि भाडी. रस्ता सुधारला की ती चढतात. चपलांची दुरुस्ती, घड्याळजी, छापखाना आधी जातात, मग वरचे बिऱ्हाडकरू. याचा बंदोबस्त काम संपल्यावर करता येत नाही. वरच्या मजल्यांचा वापर घर म्हणूनच राहील, दारूची दुकानं आणि लॉज किती असतील, रात्री किती वाजता टेबलं आत जातील, हे नियम पहिला दगड बसण्याआधी मंजूर करून घ्या.

शेवटी गोदाम

दगडाची ऑर्डर देताना शेकडा पाच जास्त मागवा, आणि ते त्याच खाणीतले, त्याच जाडीचे असू द्या. पावसापासून आडोशाला, रस्त्याचं नाव लिहून रचून ठेवा. पाइप फुटून कुणी चर खणला तर दगड फोडायचे नाहीत, उचलायचे, रांगेने ठेवायचे आणि आठवड्याच्या आत त्याच जागी परत बसवायचे, ही अट खोदाईच्या प्रत्येक परवानगीत घाला. ज्या गवंड्यांनी मूळ काम केलं त्यांच्याशीच पाच वर्षांचा देखभाल करार करा. डांबराचं पहिलं ठिगळ पडू द्यायचं नाही, एवढी जबाबदारी त्यात नावानिशी लिहा.